जावयासारखं हरणारं यंत्र

सांगलीत बुद्धिबळ खेळणाऱ्या माणसाला कोणी वेडं म्हणत नाही. फार तर "घरात आणखी कोणी कमावतं का?" एवढंच विचारतात. ग्रँडमास्टर श्रीपाल मगदूम यांना हा प्रश्न आयुष्यभर विचारला गेला, आणि त्यांच्या पत्नी त्रिशलाबाई बँकेत नोकरीला असल्यामुळे उत्तर नेहमी समाधानकारक निघालं. ऐन जोमात असताना मगदूम सरांनी परदेशात जाऊन भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. पुढं केस पिकले, आणि दरम्यान लोकांच्या खिशातला साधा फोनसुद्धा जगज्जेत्यापेक्षा चांगलं खेळू लागला. आता सर विश्रामबागेत मुलांचा क्लास घेत. तिथंही ते एखादी सुरेख चाल समजावून सांगायला लागले की मागं बसलेले एखादे पालक फोन उंच धरून म्हणत, "सर, हा म्हणतोय, तिथं घोडा नको." सर मुकाट्यानं घोडा मागं घेत.

अशा माणसाच्या दारात एके दिवशी पुण्याहून निनाद खांडेपारकर येऊन उभे राहिले. ते 'सुखद सिस्टिम्स' नावाच्या कंपनीचे विक्रीप्रमुख होते. माणूस इतका गोड बोलायचा की त्रिशलाबाईंनी त्यांच्या चहात साखर जरा कमीच घातली.

"सर, आम्हाला सामना भरवायचाय. चार डाव. एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला विनम्र."

"हा विनम्र कोण?"

"आमचा संगणक."

सर खो खो हसले. "अहो, मी बायकोच्या फोनकडून हरतो. तुमच्या संगणकापुढं माझा काय पाड लागणार?"

"विनम्र निराळा आहे. बाकीच्या सगळ्या प्रोग्रॅमना त्यानं हरवलंय, पण तो विचार करतो माणसासारखा. म्हणजे माणसासारखा चुकूही शकतो." खांडेपारकर पुढं झुकले. "सर, तुम्हाला खरी संधी आहे."

झालं. या दोन शब्दांवर सर विरघळले. पैसा त्यांना फारसा नको होता आणि नाव एकदा होऊन गेलं होतं. पण स्वतःपेक्षा बलवान कोणाला तरी, एकदाच, मरायच्या आधी, पटावर खरोखर हरवावं, ही इच्छा काही केल्या मरत नव्हती. बरोबरीच्या म्हाताऱ्यांना हरवून ती भागत नव्हती, आणि क्लासमधल्या पोरांना हरवून तर स्वतःचीच लाज वाटायची.

"सही उद्या करा," त्रिशलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. तोवर सरांनी पेनाचं टोपण लावलंसुद्धा होतं. करारात एकच विचित्र अट होती. पंचवीस चाली होईपर्यंत कोणीही डाव सोडायचा नाही. मध्ये जाहिराती दाखवायच्या असतात, असं खांडेपारकरांनी हसत सांगितलं.

पुण्यातल्या त्या सभागृहात सरांसमोर एक पडदा होता. पडद्याच्या वर हरभऱ्याएवढा कॅमेरा होता आणि मोहरी हलवायला एक यांत्रिक हात. पहिला डाव सर हरले, पण असे झुंजून हरले की लोक उभे राहिले. दुसऱ्या डावात हरता हरता त्यांनी बरोबरी साधली. तिसऱ्या डावात विनम्रनं त्यांना पार कोपऱ्यात दाबलं होतं. सरांच्या कपाळावर घाम आला. आणि मग त्यांना ती हत्तीची चाल दिसली. इतकी वर्षं ज्या चालीची वाट पाहिली ती हीच, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी हत्ती सरकवला. विनम्र बराच वेळ थांबला, उंट हलवला, आणि तिथंच घसरला. पुढच्या आठ-दहा चालींत डाव सरांच्या खिशात होता. पडद्यावर अक्षरं उमटली: "सर, तुमची हत्तीची चाल मला दिसलीच नाही. कशी सुचली तुम्हाला?"

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. वाहिन्यांवर 'माणूस जिंकला' एवढी दोनच शब्दांची बातमी फिरू लागली. सांगलीत फटाके उडाले. ज्या पालकांनी फोन उंच धरले होते, त्यांनी आता त्याच फोनवरून शुभेच्छा पाठवल्या. सर हॉटेलच्या खोलीवर आले ते जिना चढून. लिफ्ट आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

त्रिशलाबाईंनी डबा उघडून ठेवला होता. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा घरचा नेम त्यांनी पुण्यातही मोडू दिला नव्हता. सरांनी एका हातानं भाकरी खात दुसऱ्या हातानं घडीच्या पटावर तिसरा डाव पुन्हा मांडून दाखवला. "इथं मी मेलोच होतो बघ. आणि इथं हत्ती! त्यानं केवढा विचार केला, तरी चुकलाच."

त्रिशलाबाई बराच वेळ पटाकडं बघत राहिल्या. त्या स्वतः बऱ्यापैकी खेळत, कारण त्या आप्पा चौगुल्यांच्या लेक होत्या. जयसिंगपूरचे आप्पा चौगुले म्हणजे बुद्धिबळावर जीव टाकणारा आणि ते अजिबात न येणारा माणूस. त्यांना तीन जावई. दिवाळीला तिघांनी पाळीपाळीनं आप्पांशी डाव मांडायचा आणि हरायचं, हा त्या घरचा रिवाज होता. थोरला सरळ वजीर फुकट द्यायचा, तेव्हा आप्पांचा चेहरा पडायचा. धाकटा एकदा चुकून जिंकला, तर त्या वर्षी त्याला पुरणपोळीवर तूप बेतानंच मिळालं. पण मधले जावई, म्हणजे आपले मगदूम सर, या कलेत पारंगत होते. ते आधी आप्पांना घाबरवून सोडत. आप्पा पुरते हवालदिल झाले, की मग त्यांना दिसेल अशी एक फट ठेवत. आप्पांना ती सापडली की सर खूप वेळ विचार करून भलतंच मोहरं हलवत, आणि हरल्यावर कपाळाला हात लावून विचारत, "आप्पा, हे सुचलं कसं तुम्हाला?" आप्पा मग रात्रभर सगळ्यांना ते कसं सुचलं हे सांगत बसत.

"अहो," त्रिशलाबाई म्हणाल्या, "रागावू नका, पण हे यंत्र तुमच्यासारखंच हरतंय की."

"माझ्यासारखं म्हणजे?"

"आप्पांशी हरायचात ना, तसं."

सरांचा घास तोंडातच राहिला. त्यांनी उंटाची ती चाल पुन्हा पाहिली. मग त्या आधीची पाहिली. मग डाव उलटा मागं नेत नेत सुरुवातीपर्यंत पाहिला. विनम्रनं त्यांना दाबलं होतं, पण कुठंही चिरडलं नव्हतं. फट ठेवली होती, तीही अगदी सरांच्या नजरेच्या मापाची. आणि वर तो प्रश्न: कशी सुचली तुम्हाला? आप्पांचा तो फुललेला चेहरा सरांना आठवला, आणि आज आपलाही तसाच फुलला असणार, हे लक्षात येऊन कान तापले.

खांडेपारकर खाली हॉटेलच्या उपाहारगृहात बसले होते. सर तडक त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुमचं यंत्र मुद्दाम हरलं."

दुसरा एखादा माणूस खजील झाला असता. खांडेपारकरांनी आनंदानं खुर्ची पुढं केली. "ओळखलंत? बसा, सर, बसा. आमच्या इंजिनिअरांना वाटत होतं, तुम्हाला नाही कळणार."

मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. साधा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम पटाकडं बघून एकच आकडा काढतो: कोण किती वरचढ आहे. तो आकडा आपल्या बाजूला वाढवत नेणारी चाल तो खेळतो. विनम्र आणखी एक आकडा काढतो, तो समोरच्या माणसाचा. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला चेहऱ्याच्या कातडीतलं रक्त किंचित वाढतं आणि रंग बदलतो. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. त्यावरून नाडी कळते. नजर पटावर कुठं अडली, पापणी किती वेळा लवली, हात मोहऱ्याकडं जाता जाता कुठं थबकला, हे सगळं मिळवून विनम्र त्या माणसाची उमेद मोजतो. आणि तो जी चाल निवडतो, ती स्वतःच्या विजयासाठी नव्हे, तर ही उमेद वाढवण्यासाठी.

"पण नुसती वाढवून चालत नाही," खांडेपारकर रंगात आले. "सहज मिळालेल्या विजयाचं कोणाला काही वाटत नाही. म्हणून आधी ती पाडायची, मग उचलायची. पहिला डाव हार, दुसरा बरोबरी, तिसरा जीत. उद्याचा सगळ्यात मोठा."

"पण कशासाठी? हरणारं यंत्र कोण विकत घेणार?"

"सगळेच! गाड्यांची दुकानं, विमा कंपन्या, साड्यांचे शोरूम. घासाघीस करताना गिऱ्हाइकाला आपण जिंकलो असं वाटलं पाहिजे, सर. हरलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. जिंकलेलं गिऱ्हाईक जावेला घेऊन येतं. आता दुकानदार विचारतो, लोकांना हा डाव कळला तर? आम्ही म्हणतो, ग्रँडमास्टरला कळला नाही, तिथं साडी घेणाऱ्याला काय कळणार?"

सरांनी हळूच विचारलं, "ग्रँडमास्टर पुष्कळ आहेत. मीच का?"

पहिल्यांदाच खांडेपारकर जरा घुटमळले. "बऱ्याच जणांची चाचणी घेतली, सर. त्यांचे जुने व्हिडिओ बघून. बाकीच्यांनी आशा सोडलीये. तुम्हाला अजून जिंकावंसं वाटतं."

"मी हे जगाला सांगेन."

"सांगा की. लोक म्हणतील, जिंकल्यामुळं सरांच्या डोक्यावर परिणाम झाला."

हे मात्र खरं होतं. सर खोलीवर परतले, आणि त्या रात्री त्यांना ज्या शंकेनं ग्रासलं ती पटापुरती राहिली नाही. आजवर जे जे कोणी आपल्याकडून हरले, ते खरंच हरले का? बेळगावच्या त्या स्पर्धेतला तो गप्प मुलगा? बेलग्रेडचा तो पाहुणचार करणारा म्हातारा? भाजीवाली दोन रुपये कमी करते, ती घासाघिशीत हरून, की माझं मन राखायला? शेवटी न राहवून त्यांनी बायकोला हलवून उठवलं.

"त्रिशला, खरं सांग. तू माझ्याशी कधी मुद्दाम हरलीस?"

"बुद्धिबळात नाही," त्या म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

सकाळी दाढी करता करता सरांनी जाहीर केलं, "मी आज हरणार. त्यांचं गिऱ्हाईक व्हायचं नाही मला. पंचवीस चाली रेटायच्या आणि सव्विसाव्या चालीला डाव सोडायचा."

"तेवढं तरी जमेल ना?" त्रिशलाबाईंनी विचारलं. प्रश्न कुचका नव्हता. हरायला येणाऱ्या दोघांच्या डावात काय होतं, हे त्यांनाही बघायचं होतं.

पांढरी मोहरी सरांकडं होती. त्यांनी राजापुढचं प्यादं काढलं आणि दुसऱ्याच चालीला राजा उघड्यावर आणला. सभागृहात कुजबुज झाली. समालोचक म्हणाला, "अशी चाल गेल्या शंभर वर्षांत मोठ्या सामन्यात कोणी खेळलेली नाही. यामागं फार खोल विचार असला पाहिजे." विनम्रनं खोल विचार केला आणि घोडा फुकट देऊ केला. सरांनी तो घेतला नाही. विनम्रनं दुसरा घोडा पुढं केला. सरांनी तोंड फिरवून आपला हत्ती मारायला ठेवला. विनम्रनं त्या हत्तीला वळसा घातला.

असं लग्नाच्या पंगतीतल्या आग्रहासारखं चाललं होतं. घ्या हो, नको हो, तुम्ही घ्या, छे छे आधी तुम्ही. समालोचकाचा आवाज भक्तीनं भरून आला होता. "दोघंही एकमेकांची मोहरी मारायला नकार देताहेत! हे बुद्धिबळ आपल्या समजुतीपलीकडचं आहे!" एवढं एक वाक्य मात्र तो खरं बोलला. सरांना मजा येऊ लागली होती. चाळीस वर्षं मोहरी वाचवायला शिकलेलं डोकं, ती सगळी विद्या उलटी करून आता वाईटातली वाईट चाल शोधत होतं, आणि ती शोधणं मुळीच सोपं नव्हतं.

पण शेवटी समोर यंत्र होतं. हळूहळू सरांच्या ध्यानात आलं की आपल्या हातात चालीच उरत नाहीयेत. विनम्र त्यांची मोहरी अडकवत चालला होता. प्यादी बांधली गेली, हत्ती कोंडला गेला, आणि चोविसाव्या चालीला विनम्रनं आपला वजीर थेट सरांच्या राजाला भिडवून शह दिला. शहातून सुटायला नियमाप्रमाणे एकच चाल शिल्लक होती. उंटानं तो वजीर मारायचा. आणि उंटानं वजीर मारला, की त्याच उंटाच्या शहानं काळ्या राजावर मात होत होती. सरांना जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. डाव सोडायचा तर अजून पंचवीस चाली झाल्या नव्हत्या.

लोकांना हे दिसलं आणि एकच जल्लोष झाला. खांडेपारकर पडद्याआडून बाहेर आले, त्यांच्या हातात हार तयार होता.

सरांनी उंटाकडं पाहिलं. मग घड्याळाकडं पाहिलं. त्यात अजून पुष्कळ वेळ होता. वेळ संपून हरणं ही सरांच्या लेखी फार लाजिरवाणी गोष्ट होती. गाडी चुकणाऱ्या माणसासारखं ते बावळटपणाचं हरणं, साऱ्या आयुष्यात त्यांनी एकदाही स्वतःवर येऊ दिलं नव्हतं. त्यांनी हाताची घडी घातली आणि खुर्चीला टेकून बसले.

पहिली काही मिनिटं लोकांना वाटलं, सर हा क्षण मनात साठवून घेताहेत. मग लोक ओरडायला लागले. "सर, उंट!" "अहो, एकच चाल आहे!" समालोचक म्हणाला, "सर नक्की कशाचा विचार करताहेत, हे सांगणं कठीण आहे, कारण विचार करण्यासारखं काहीच नाही." हार घेऊन उभे असलेले खांडेपारकर घामाघूम झाले. सरांना मात्र एकदम हलकं वाटत होतं. समोर विजय मांडून ठेवला होता, आणि ते त्याला हात लावत नव्हते. घड्याळ शून्यावर आलं. पंचांनी दोनदा नियम वाचला आणि नाइलाजानं विनम्र जिंकल्याचं जाहीर केलं.

दोन दिवसांनी खांडेपारकर सांगलीला आले. सरांना वाटलं, भांडायला आले असतील. पण त्यांच्या हातात पेढे होते आणि बगलेत एक खोकं.

"सर, कमाल केलीत! आम्हाला वाटलं होतं, कंपनी बुडाली. मग रात्री आकडे बघितले." त्यांनी फोनवर एक आलेख दाखवला. रेघ खाली-वर हिंदकळत होती आणि शेवटी सरळ वर चढत गेली होती. "ही तुमची उमेद. शेवटी ती चढलीय ना, तेव्हा तुम्ही हाताची घडी घालून बसला होतात. एवढा आनंद विनम्रनं आजवर कोणाला दिला नव्हता."

"विनम्रनं दिला?" सर खेकसले. "मी त्याचा डाव उधळला!"

"तुम्हाला हरायचंय हे त्याला पहिल्या पाच-सात चालींतच कळलं, सर. पण सहज हरू दिलं असतं तर मजा काय? म्हणून त्यानं तुम्हाला अडवत अडवत नेलं, आणि शेवटी एक दार उघडं ठेवलं. घड्याळाचं. हट्टी गिऱ्हाइकासाठी याहून चांगला नमुना नाही. ऑर्डरींचा पाऊस पडतोय!"

सर मटकन झोपाळ्यावर बसले. जिंकले तेव्हा ते यंत्रानं जिंकवलं होतं. हरले, तेही यंत्रानंच हरवलं होतं. आपलं म्हणावं असं त्या पटावर काहीच घडलं नव्हतं. त्यांचा चेहरा पाहून त्रिशलाबाई पुढं आल्या आणि त्यांनी खोक्याकडं बोट केलं.

"हे काय?"

"घरगुती मॉडेल, बाई. सरांना भेट."

"याचा डोळा झाकला तर काय होतं?"

"मग त्याला माणूस दिसत नाही. नुसतं बुद्धिबळ खेळतो." खांडेपारकर हसले. "तसं कोणी खेळू नये. दयामाया नसते त्याला."

त्रिशलाबाईंनी खोकं उघडलं, यंत्र मेजावर ठेवलं, कपाळावरची टिकली काढली आणि कॅमेऱ्यावर चिकटवली. वरून अंगठ्यानं नीट दाबली. मग नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "बसा."

डाव फार वेळ चालला नाही. यंत्रानं सुरुवातीलाच सरांचं एक प्यादं उचललं, मग उंट, मग मधला सगळा पट. कुठं फट नव्हती, कुठं थांबणं नव्हतं. सरांनी एकदा, फक्त एकदा, घोड्याची अशी एक चाल शोधली की यंत्राला हत्ती मागं घ्यावा लागला. ती चाल सरांची होती. कोणी ठेवलेली नव्हती, कोणी हात धरून दाखवलेली नव्हती. सरांच्या अंगावर काटा आला. पुढच्या चौथ्या चालीला त्यांचा राजा मेला. पडद्यावर 'मात' एवढंच उमटलं. कशी सुचली, असं कोणी विचारलं नाही.

सर पटाकडं बघत राहिले. मग त्यांनी मोहरी पुन्हा मांडायला घेतली.

खांडेपारकर अस्वस्थ झाले होते. फोनवरचा आलेख कोराच होता. "सर, कसं वाटलं? म्हणजे साधारण. एक ते दहामध्ये सांगा."

"सांगू नका," त्रिशलाबाई म्हणाल्या. "उद्या तेही विकतील."

सरांना हसू आवरेना. तेव्हा त्यांनी खांडेपारकरांकडं पाठ केली आणि तोंड यंत्राकडं वळवलं. तिथं बघणारं कोणी नव्हतं.